मास्तरांच्या कार्डांची वरची बाजू

१४ नोव्हेंबर १९६८. अंगणात भात वाळत घातलं होतं आणि मी कोंबड्या हाकत होते. शेजारचे कदम मास्तर चित्राचं एक कार्ड माझ्या नाकासमोर धरून उभे. "वहिनी, नाव विचारू नका. नुसतं बघा."

मास्तर वेल्ह्याच्या शाळेत चित्रकला शिकवत. पुण्याच्या एका रद्दीवाल्याकडून ते अमेरिकेतल्या अमूर्त चित्रांची छापील पोस्टकार्डं आणत. त्यांत ना माणूस, ना झाड. नुसते रंगाचे फराटे. ती खिशात घालून मास्तर एसटी स्टँडवर जात आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "काय दिसतं?" गुंजवण्याचा एक म्हातारा म्हणाला, "लावणीआदीचा चिखल हाय की ह्यो!" मास्तर नाचायचेच बाकी राहिले. "पुण्याच्या प्रोफेसरांना हे दिसलं नाही, वहिनी. आपल्या तालुक्याला दिसलं!" खरं सांगते, मलाही ऐट वाटली.

अडचण एकच. लोक कार्ड उलटं धरत. मास्तर असे कळवळत, जणू त्यांनाच कुणी पाय धरून टांगलंय. शेवटी त्यांनी कात्री घेतली आणि वरची बाजू कळावी म्हणून प्रत्येक कार्डाचा वरचा कोपरा उडवला.

त्यांतलंच एक त्यांनी उत्रोलीला थोरल्या बहिणीला, आक्कांना, धाडलं. तिनं जमवलेली सोयरीक मास्तरांनी मोडली, तेव्हापासून अकरा वर्षं अबोला होता. दर दिवाळीला मास्तर कार्ड टाकत. उत्तर कधी आलं नाही.

आता, कोपरा नसलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. असलं कार्ड कोण वाचत बसतं?

त्या चौदा तारखेच्या दुपारी आक्का गाडीतून उतरल्या त्या हंबरडा फोडतच. "माजा राजा गेला गंऽ!" राजा माझ्या ओट्यावर पोहे खात होता.

आक्का थबकल्या. मग हातातली पिशवी त्यांनी भावाच्या पाठीत घातली. "मेल्या, जित्ता हाईस व्हय!"

"आक्का, कार्ड वाचलं न्हाईस?" एरवी शुद्ध बोलणारे मास्तर घरच्या बोलीवर आले.

"वाचाया डोळ्यांत पानी ठरत व्हतं का माज्या?"

आक्का हातपाय धुवायला मागे गेल्या. मास्तर पाठ चोळत माझ्याकडे वळले. छाती फुगलेली, डोळे भरलेले. "ऐकलंत ना, वहिनी? स्टँडपासून रडत आली! माझ्यासाठी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी मला विचारलं, "पयली गाडी गेली का वो?" गाडी स्टँडवर उभी होती.

"मघाशीच गेली," मी म्हणाले आणि तिघांच्या चहाचं आधण ठेवलं.