बसणाऱ्यांचा गट

मनुष्य दोन पायांवर चालतो ही गोष्ट सर्वांना ठाऊक असली, तरी ठाऊक असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. हा फरक समाजाला पटवून देण्यासाठी आमच्या विद्यापीठानं 'क्रीडा व व्यायामशास्त्र' असा स्वतंत्र विभाग काढला आहे. विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे. वर जायला लिफ्ट आहे. जिनाही आहे, पण त्यात व्यायामाची जुनी उपकरणं रचून ठेवल्यामुळे तो बंद असतो. सकाळी लिफ्टसमोर विद्यार्थ्यांची मोठी रांग लागते आणि रांगेत उभी राहून मुलं 'जिने चढण्याचे हृदयावरील सुपरिणाम' या प्रकरणाची उजळणी करतात. वेळ म्हणून वाया जात नाही.

माझी भाची, म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी, याच विभागात शिकते. शाळेत असताना ती पळायची. साधंसुधं नव्हे, शर्यतीतल्या इतर मुलींना तिचा चेहरा थेट बक्षीस समारंभातच दिसायचा. एवढी पळते तर पळण्याचंच रीतसर शिक्षण घेऊ दे, असं घरात कुणीतरी सुचवलं (सुचवलं मीच, पण मी श्रेय घेत नाही), आणि तिला प्रवेश मिळाला. तेव्हापासून तिचं पळणं बंद आहे. दिवसभर तास असतात आणि तासाला बसावं लागतं. पहिल्या वर्षी ती धावणाऱ्या माणसाचा घोटा शिकली, दुसऱ्या वर्षी गुडघा. शेवटच्या वर्षी अभ्यास कमरेपर्यंत आला तेव्हा तिची स्वतःची कंबर दुखू लागली होती. विषयाशी एकरूप होणं म्हणतात ते हेच.

विभागप्रमुखांना मुलं 'स्नायू सर' म्हणतात. स्नायू हा त्यांचा आयुष्यभराचा विषय आहे. (स्वतःच्या अंगावर त्यांनी तो येऊ दिलेला नाही. तज्ज्ञानं विषयापासून थोडं अंतर राखावंच.) त्यांच्या खुर्चीला चाकं आहेत. टेबलापासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून दारापर्यंत ते बसूनच जातात, आणि विद्यार्थ्यांनी मान वर करून त्यांच्याशी बोलू नये म्हणून विद्यार्थ्यांना उभं ठेवतात.

आता दाजींबद्दल. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, भाचीचे बाबा. ते नकाशांच्या कार्यालयात आहेत. शहरातली गल्ली न् गल्ली त्यांनी हातानं आखली आहे आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी ते कधी पाय ठेवायला गेलेले नाहीत. घरी आले की सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्या कोपऱ्याला त्यांचा आकार आला होता. पाहुण्यांना तिथं बसवलं की पाहुणे एका बाजूला कलायचे.

एक दिवस कार्यालयाची लिफ्ट बंद पडली. दाजी जिना चढू लागले आणि मधल्या वळणावरच खाली बसले. घाम फुटला, ओठ पांढरे पडले. दोघातिघांनी धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "या वेळी थोडक्यात निभावलंय. रोज चालायला लागा. नाहीतर पुढच्या वेळी तुम्हाला आडवं आणावं लागेल."

दाजी घाबरले. घाबरलेला माणूस बूट विकत घेतो, तसे त्यांनीही घेतले. पांढरे, निळ्या पट्ट्यांचे. दिवाणखान्यात घालून पाहिले, दोन येरझाऱ्या घातल्या आणि ताईला म्हणाले, "उद्यापासून." आयुष्यात प्रथमच त्यांच्या या शब्दावर घरातल्या सगळ्यांचा विश्वास बसला.

पण तो उद्या उजाडायच्या आधी, त्याच संध्याकाळी भाची घरी आली. तिच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचा विषय ठरला होता : 'बैठ्या प्रौढांवर नियमित चालण्याचा परिणाम'. माणसं कमी पडत होती. तिनं माझं नाव घातलं, दाजींचं घातलं. घरचं कार्य म्हणून आम्हीही सह्या केल्या.

इथं शास्त्राची थोडी ओळख करून देणं आवश्यक आहे. चालण्याचा फायदा होतो हे दाखवायचं तर नुसते चालणारे पुरत नाहीत. न चालणारेही लागतात, म्हणजे तुलना करता येते. म्हणून सर्वांचे दोन गट पाडतात. एका गटानं सत्र संपेपर्यंत रोज चालायचं. दुसऱ्यानं आहे तसं बसून राहायचं. याला तुलनागट म्हणतात. कोण कुठं जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. स्नायू सरांनी पोहण्याच्या रबरी टोपीत चिठ्ठ्या घातल्या, खुर्चीवर बसून एकेक काढल्या, आणि मी चालणाऱ्यांत गेलो. दाजी बसणाऱ्यांत.

भाची सरांकडे धावली. (लिफ्टनं.)

"सर, बाबांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"उत्तम," सर म्हणाले. "म्हणजे ते चालले नाहीत तर काय होतं, ते आपल्याला नेमकं कळेल."

"सर, ते माझे बाबा आहेत!"

"तुलनागटात नाती नसतात. चिठ्ठी बदलली तर त्याला शास्त्र म्हणत नाहीत, वशिला म्हणतात. आणि एक माणूस जरी कमी झाला तरी संख्या भरत नाही. प्रकल्प रद्द, वर्ष वाया. विचार करून सांग."

ती घरी आली आणि दाराशीच म्हणाली, "बाबा, तुम्ही नाव काढून घ्या."

"आणि तुझी पदवी?"

दाजींनी बूट काढले, खोक्यात घातले आणि खोकं कपाटावर टाकलं. "मग बसतो," ते म्हणाले. "आजवर उगाच बसत होतो, आता तुझ्यासाठी बसेन."

ताईनं पदराला डोळे पुसले. असा त्याग आमच्या घराण्यात यापूर्वी झालेला नव्हता.

चालणाऱ्या गटाची हकीगत मी स्वतः त्यात असल्यामुळे अधिकारानं सांगू शकतो. आम्हाला प्रत्येकी एक मनगटी पट्टा मिळाला. तो पावलं मोजत असे. खरं तर तो हाताचे हेलकावे मोजतो आणि त्यांना पावलं समजतो, हा शोध आमच्या गटानं पहिल्याच आठवड्यात लावला. (तो प्रकल्पाच्या निबंधात आलेला नाही.) दूरदर्शन संचासमोर बसून हातपंख्यानं वारा घेतला तरी चालणं होई. तरीही आम्ही प्रामाणिक माणसं. रोज विद्यापीठाच्या फाटकापासून केकच्या दुकानापर्यंत नक्की चालायचो. चालणाऱ्याला भूक लागते आणि आपण आज चाललो आहोत ही जाणीव भुकेला नैतिक पाठबळ देते. एरवी एका केकवर मनाला टोचणी लागायची, आता दोन खाऊनही मन स्वच्छ असे. व्यायामाचे मानसिक फायदे म्हणतात ते मी प्रत्यक्ष अनुभवले. फक्त पट्टा एकेक भोक सैल करावा लागत होता, कमरेचा.

इकडे महिनाभरानं ताई माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला. बसली ती रडूच लागली.

"अरे, हे रोज संध्याकाळी कुठंतरी जातात. विचारलं तर म्हणतात, मित्राकडे बसायला. आल्या आल्या अंघोळ करतात. आणि... हल्ली गुणगुणतात!"

प्रकरण गंभीर होतं. बायकोच्या हयातीत सहसा कुणी गुणगुणत नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालय सुटल्यावर मी, ताई आणि भाची दाजींच्या मागावर निघालो. ते बाजार ओलांडून गोदामांच्या मागे गेले. तिथून कालव्याच्या काठानं एक कच्चा रस्ता जातो. कोपऱ्यावरच्या ओट्यावर बसून त्यांनी पिशवीतून बूट काढले, निळ्या पट्ट्यांचे, आणि पुलाच्या दिशेनं चालू लागले. हळूहळू नव्हे, हात हलवत, ताठ मानेनं, भराभर.

ते एकटे नव्हते. पुढं बँकेतला रोखपाल होता, न्हावी होता, ब्लाउज शिवणारी बाई होती आणि सगळ्यांच्या आघाडीला निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. भाची जागीच थबकली. "मामा," ती म्हणाली, "हा अख्खा तुलनागट आहे."

मुख्याध्यापिकांनी मागं वळून पाहिलं आणि गळ्यातली शिट्टी जोरात फुंकली. त्यासरशी जो जिथं होता तिथं कालव्याच्या कठड्यावर टेकला.

"आम्ही बसलोच आहोत," रोखपाल धापा टाकत म्हणाला. "केव्हाचे!"

"मला वाटलं, दुसऱ्या बाईकडे जाता," ताई दाजींना म्हणाली.

"इथं दोन आहेत," शिवणारी बाई म्हणाली, "पण त्या पुढं चालतात. तुमचे गाठतील तेव्हा ना!"

भाचीला मात्र हसू येईना. ती दाजींसमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं," दाजी म्हणाले. "आणि बसणार होतो गं मी, खरंच. पण जन्मभर सगळे म्हणत होते, चाला चाला, तेव्हा काही वाटलं नाही. त्या सरांनी चालायचं नाही म्हटल्यावर पाय शिवशिवायला लागले. रात्री जिन्याची स्वप्नं पडायला लागली. एकदा चोरून इथं आलो, तर हे सगळे आधीच चालत होते." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "शिवाय मला भीती वाटत होती. तुझी पदवी बघायला मी असावं, एवढंच."

भाचीनं चपला काढल्या आणि पळत सुटली. कालव्याच्या काठानं पुलापर्यंत. तिथं पोहोचली तेव्हा तिचा एक हात कमरेवर होता आणि ती रडत होती की धापा टाकत होती, ते लांबून कळलं नाही. दाजी मागोमाग भराभर चालत गेले. मीही निघालो होतो, पण माझा त्या दिवशीचा कोटा झालेला होता.

सत्र संपलं, मोजमापं झाली. बसणाऱ्या गटाचं हृदय सुधारलं, रक्तदाब उतरला, पोट आत गेलं. चालणाऱ्या गटाचं वजन वाढलं, एकाला तर खुर्चीतून उठताना आधार लागला (तो मीच, पण मी श्रेय घेत नाही). भाचीनं सरांना जे घडलं ते सगळं सांगितलं. ऐकताना सरांची खुर्ची आनंदानं गोल फिरली.

"मूर्ख मुली, चालणं चांगलं असतं हे कुणीही लिहितं. बसणं चांगलं असतं हे जगात कुणी सिद्ध केलंय?"

"पण ते बसले नव्हते, सर."

"ते त्यांचं खाजगी आयुष्य आहे. त्यात डोकावायचा आपल्याला अधिकार नाही. निबंधावर सही कर. प्रथम क्रमांक देतो."

तिनं सही केली नाही. वर्ष वाया गेलं. सरांनी तो निबंध स्वतःच्या नावावर छापला आणि तो खूप गाजला. वर्तमानपत्रांत 'बसा आणि हृदय सांभाळा' असे मथळे आले. सरांचा सत्कार झाला आणि सत्कारात त्यांना आणखी मोठी खुर्ची मिळाली. दाजी पुन्हा तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर थक्क झाले. "कमाल आहे! करता तरी काय?"

"तुलनागटात आहे," दाजी म्हणाले.

डॉक्टरांनी तो निबंध वाचलेला होता. "छान! तसेच बसून राहा."

भाची आता पुन्हा शेवटच्या वर्षाला आहे. रोज सकाळी दाजींबरोबर कालव्यावर जाते. ते चालतात, ती पळते, परतताना दोघं कशावरून तरी वाद घालत येतात. तिनं नवा प्रकल्पही हाती घेतला आहे. तिचं म्हणणं असं की, ज्यांना चालायला सांगितलं आणि ज्यांना बसायला सांगितलं, त्या दोन्ही गटांपेक्षा मोठा असा एक तिसरा गट शास्त्राच्या नजरेतून सुटला आहे. हे लोक व्यायामावरचं काहीही मिळालं की आवडीनं वाचतात. मधे मधे हसतात, मान डोलावतात. लेखातला आळशी माणूस थेट आपल्या मेव्हण्यासारखा किंवा शेजाऱ्यासारखा आहे, हे त्यांच्या ताबडतोब लक्षात येतं.

"अगं, पण इतक्या लोकांची संमती कुठं घेत बसणार?" मी विचारलं.

"संमती कशाला, मामा? मजकूर हातात द्यायचा आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत किती जण जागचे हलत नाहीत ते बघायचं."

मजकूर लिहायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं. तो इथं संपतो. आपल्या सहकार्याबद्दल विभाग आभारी आहे. आता उठलात तरी हरकत नाही. निष्कर्षावर परिणाम होण्याइतके लोक उठत नाहीत.