भानुअण्णांचा बीच

उजनी धरण मायनसमध्ये गेल्याची बातमी वाचून खूश होणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच आहे आणि तो नेमका आमच्या शेजारी राहतो. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या शहरात असा आनंद उघडपणे दाखवायचा म्हणजे मार खायची तयारी हवी. भानुअण्णांची ती आहे. टँकरच्या रांगेत पेपर नाचवत ते सांगतात, “उतरलं बगा पाणी. आता बीच लई मोटा होतोय.”

अण्णा कूलर दुरुस्त करतात. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. पण पाणी संपून जमीन लागली की त्यांच्या लेखी तो बीच. “हिप्परग्याच्या तळ्याचा बीच संध्याकाळचा. वडकबाळला सीना नदीचा हाय, त्यो सकाळचा. ऊन चढलं की वाळू चटकं देती.” हे सगळं ते इतक्या गंभीरपणे सांगतात, की समोरचा हसायचं विसरतो. “पर उजनीचा बीच म्हंजे राजा. त्याला मे म्हैनाच लागतो.”

मे महिना हा कूलरवाल्याचा सुगीचा काळ. त्यातही दर रविवारी अण्णांचं शटर खाली. एकदा एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, “अण्णा, आमी हितं भाजून निघालोय.”

“मग चला की बीचला,” अण्णा म्हणाले.

मला तर सहा वर्षं त्यांचा आग्रह होता. “येत्या रविवारी चला. वैनीलाबी आणा. पुण्याकडं पाऊस झाला की बीच गेला.” मी दर वर्षी हो म्हणायचो आणि त्या रविवारी मला नेमकं काम निघायचं. गेल्या मे महिन्यात मात्र आमचा कूलर त्यांच्या तावडीत सापडला. “कूलर सोमवारी,” अण्णांनी सांगितलं. “आदी बीच.”

त्यांच्या टेम्पोतून आम्ही करमाळ्याच्या बाजूला पोचलो. हिने टॉवेल घेतला होता, गॉगलही. समोर नजर जाईल तिथवर भेगाळलेला गाळ, त्यात शिंपल्या, आणि पाणी पार लांब. एक झाड नाही, भेळेची गाडी नाही. हिने माझ्याकडे कशा नजरेने पाहिलं ते संसारी माणसाला सांगायला नको.

अण्णा मात्र केरसुणी घेऊन पुढे निघाले होते. एका जागी गुडघाभर उंचीची दगडांची रांग चौकोनात गेली होती. त्यांनी एका दगडावरचा गाळ झाडला आणि म्हणाले, “वैनी, चपला हितं काढा.”

“चिखलात?” मी म्हणालो.

“उंबरा हाय त्यो.”

मग उलगडा झाला. धरणाचं पाणी आलं तेव्हा अण्णा दुसरीत होते. सगळं गाव उठलं. उन्हाळा कडक असला, की त्यांच्या घराचं हे जोतं थोडे दिवस वर येतं.

“मग तसं सांगायचं ना, अण्णा. बीच कशाला म्हणायचं?”

पिशवीतून गूळ आणि पाण्याचा तांब्या काढत ते म्हणाले, “घर बगायला चला म्हणलं आस्तं तर आला आस्ता का? जोतं बगायला कोन येतंय? बीच म्हणलं की मानसं येत्यात.” गुळाचा खडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. “धा-पंधरा दिस घर वर आस्तंय. तेवड्यात कुनीतरी पाव्हणं यायला पायजे की. आये म्हणायची, पाव्हणं न्हाईत त्ये घर कसलं?”

मला सहा रविवारांची लाज वाटली. गूळ तोंडात टाकला.

हिने चपला काढून उंबऱ्याशी नीट जोडून ठेवल्या, डोक्यावर पदर घेतला आणि विचारलं, “अण्णा, स्वयंपाकघर कुठल्या अंगाला?”

अण्णांनी हातातला तांब्या जोत्यावर ठेवला. मग म्हणाले, “मागल्या अंगाला. पर वाकून जावा, वैनी. दार ठेंगनं हाय.”

ही वाकून आत गेली. तिच्या मागोमाग मीही वाकलो.