काटा चाळिसावरून दहावर

मास्तरांनी गल्लीत दारोदार जाऊन सांगून ठेवलं होतं, "रविवारी जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत आमच्या वडिलांचा ट्रक बघा! आक्का चालवणार आहे!"

ट्रक साठ वर्षांचा, थोरली बहीण आक्का चौऱ्याहत्तरची. याच ट्रकवर ती दुरुस्ती शिकली आणि पुढे तीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये काढली. मास्तरांनी मात्र जन्मभर चित्रकला शिकवली. तरीही तीन वर्षं खपून इंजिन त्यांनी स्वतः नव्याने बांधलं. "जे उघडता येतं ते जोडताही येतं!" असं त्यांचं म्हणणं.

शनिवारी सकाळी इंजिन सुरू झालं. ऑइल प्रेशरचा काटा चाळिसावर! मास्तरांची छाती फुगली. पाच मिनिटांत काटा दहावर आला, छातीही. तेलाचा दाब गेला की इंजिन जाम. मग मिरवणूक कसली, ट्रक थेट भंगारवाल्याच्या दारात!

त्यांनी इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं. चाळीस! पाच मिनिटांत दहा.

"मीटर खोटारडा आहे!"

नवा मीटर आणला. त्याचंही तेच. गॅरेजवाल्याचा मागून आणला. तोही फितूर!

"अहो, तिघं एकच सांगतायत," बायको म्हणाली. "मग खोटं कोण बोलतंय?"

मास्तरांनी उत्तरादाखल जास्त घट्ट तेल ओतलं. काटा चाळिसावर आणि पाच मिनिटांनी, अगदी नेमाने, दहावर.

दुपारी आक्का दारात उतरली. मास्तरांनी चटकन मीटरवर रुमाल टाकला.

"मीटरला ताप आलाय का रे?"

"धूळ बसू नये म्हणून..."

"बाळ्या, रुमाल काढ."

आक्काने काटा पडताना पाहिला. "बंद करून पुन्हा सुरू केलंस की?"

"परत चाळीस! तेच तर कळत नाही."

"त्यात न कळण्यासारखं काय आहे? पंपाच्या तोंडाशी काहीतरी चिकटतंय आणि इंजिन थांबलं की गळून पडतंय. इंजिनखालचं तेलाचं चेंबर खोल."

तेल काढलं, चेंबर उतरवलं. पंपाच्या जाळीवर लालभडक पापुद्रे, जणू कुणी गुलाब कुस्करलाय! आक्काने एक बोटावर घेतला.

"चेंबरला आतून रंग दिलास?"

मास्तर रुमालाने हात पुसू लागले.

"तीन हात," बायको म्हणाली. "आठवडाभर घरात वास होता."

"अरे, तेलाच्या अंधारात बघणार कोण होतं?" आक्काने विचारलं.

"मला माहीत होतं ना, आत रंग नाही ते!" मास्तर कळवळून म्हणाले.

आक्का इतकी हसली की हातातला पाना पडला. मग तिघांनी मिळून चेंबर लख्ख खरवडलं, जाळी धुतली, नवं तेल भरलं. संध्याकाळी पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. काटा चाळिसावर ठाण मांडून!

रविवारी आक्का स्टिअरिंगवर, बायको मधे, मास्तर खिडकीशी. मैदानाकडे कुठे वळायचं ते सांगायचं, एवढंच काम मास्तरांकडे होतं.

"चाळीस!" ते ओरडले. जरा वेळाने, "अजून चाळीस!"

आक्का गात होती, बायको टाळ्या वाजवत होती. दुकानं संपली, घरं संपली, शेतं लागली.

"बाळ्या, मैदान कुठाय रे?"

घर सोडल्यापासून मास्तरांनी पहिल्यांदाच मान वर केली. मैदान आठ किलोमीटर मागे राहिलं होतं आणि साडेनऊ वाजले होते. नऊची मिरवणूक निघूनसुद्धा गेली होती.

दोघी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"पण आक्का," मास्तर हळूच म्हणाले, "चाळीस आहे."