सात वेढ्यांचा सूर

"ऊपर का सूर होठां में नै रहता कडूबा, पेट में रहता. सांस भर के रख, वक्त आया की छोड."

हैदर उस्तादांचा हा आवाज कडूबाच्या कानात तीस वर्षं मुरला होता. पोलीस ॲक्शननंतर निजामाचा फौजी बँड मोडला, उस्ताद ट्रम्पेट घेऊन वरातीत आले आणि जाता जाता एवढं वाक्य कडूबाच्या पदरात टाकून गेले. वाक्य राहिलं, सूर काही आला नाही. वरच्या पट्टीपाशी पोचलं की कडूबाच्या ट्रम्पेटमधून फटीत अडकलेल्या कोकरासारखं काहीतरी निघे.

शेवटी उस्तादांचा मुलगा, बँडमास्तर मुबारक म्हणाला, "कडूबाभाई, परवा लासूर स्टेशनला तात्यासाहेबांच्या पोरीचं लग्न हाय. अक्षता पडताना वरचा सूर लागला तर ट्रम्पेट तुमचा. नाय तर बन्सीला देतो, तुम्ही झांजा धरा."

झांजा. पन्नाशीच्या उंबऱ्यावर झांजा.

उस्मानपुऱ्यातल्या खोलीत बायकोनं, वच्छलाबाईनं, भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं. "सूर पोटात ऱ्हातो म्हणता ना? मग पोट आवळा. ढिल्या पोत्यात काय ऱ्हाईल?" लग्नाच्या सकाळी तिनं आपलं जुनं लुगडं त्याच्या पोटाला सात वेढे देऊन बांधलं, वरून बँडच्या कोटाची बटणं लावली. "आता शिंकलात तरी वरच्या पट्टीत शिंकाल."

मांडवात कडूबा मेढीसारखा उभा राहिला. वाकायची सोय नव्हती. भटजींचं शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं तसा त्यानं श्वास ओढला, कोंडला आणि ट्रम्पेट ओठाला लावला. आता 'सावधान' म्हटलं की सोडायचा.

"थांबा," तात्यासाहेब म्हणाले. खिशातून घडी घातलेला कागद निघाला. "माझी अकरा हायेत. स्वतः रचलीत."

मांडवानं सुस्कारा सोडला. सोडला नाही तो फक्त कडूबानं. सोडला तर सात वेढ्यांत पुन्हा भरायचा कसा?

"जावाई अमुचे हुशार, निघती वाळूजला रोज ते..."

कडूबा जांभळा झाला. कोटाचं एक बटण उडालं, दुसरं उडालं, लुगड्याची गाठ सुटली आणि सूर निघाला. तीस वर्षं न आलेला. मांडवाचं कापड ओलांडून तो वर गेला आणि भर उन्हात घारीसारखा पंख न हलवता थांबला.

बँडला खूण मिळाली. ढोल, ताशा सगळं एकदम सुटलं. अंतरपाट धरून हात भरून आलेल्या मामांनी तो आनंदानं सोडला. अक्षता पडल्या, त्यातल्या मूठभर तात्यासाहेबांच्या उघड्या तोंडात. माळा पडल्या. पाहुणे पंगतीकडे धावले.

"अरे, माझी दहा राह्यली," तात्यासाहेब ओरडले. कुणी वळूनही पाहिलं नाही. त्यांनी कडूबाची गचांडी धरली. "कुणी सांगितलं तुला वाजवायला?"

"पोटानं, मालक," कडूबा म्हणाला. पायाशी लुगडं लोळत होतं.

मालकाचा राग पाहून मुबारकनं झांजा पुढं केल्या. कडूबानं ट्रम्पेट छातीशी धरला.

तेवढ्यात तात्यासाहेबांची बायको मनकर्णाबाई अक्षतांचं ताट खाली ठेवून पुढं आली. "सोडा त्याला. धाकटीच्या लग्नालाबी हाच वाजवणार."

मुबारकनं झांजा पाठीमागं लपवल्या.

"अगं, पण माझी कविता..."

"बत्तीस वर्षं रोज चहासंगं ऐकते," मनकर्णाबाई पदर सारखा करत म्हणाली. "एकबी आवडली नाय."