झोडणीचा जिताडा

विनेशने लग्नाच्या पंगतीत, चार माणसांच्या देखत, सासऱ्यांना शब्द दिला होता. "बाबा, पहिल्यांदा चौलला याल तेव्हा स्वतः पकडलेला खाडीतला जिताडा मासा खाऊ घालीन. विकतचा नाही!" दिशा तेव्हा नवरी होती, म्हणून कौतुकाने लाजली. आता दोन दिवाळ्या उलटल्या होत्या. जिताडा सोडाच, विनेशच्या गळाला साधं चिंबोरंही लागलं नव्हतं. आणि भाताची झोडणी उरकून रावजी या रविवारी जेवायला येणार होते.

रावजी, म्हणजे दिशाचे वडील, आतल्या गावचे भातशेतकरी. शब्द न पाळणाऱ्याला ते कधी बोलून दाखवत नसत, नुसते खाली मान घालून भात कालवत बसत. दिशाला त्या गप्प कालवण्याचीच धास्ती होती. नवरा कसाही असला तरी माहेरात त्याचं हसं झालेलं तिला सोसलं नसतं.

बाजारातून आणू या, असं ती म्हणाली तर विनेशला तो अपमान वाटला. तो पडला फ्लाय फिशिंगवाला. अलिबागच्या कचेरीतून आला की मोबाईलवर परदेशातल्या नद्या बघायचा आणि गळाला पिसं बांधून खोट्या माश्या करायचा. शेजारचा कोंबडा त्याला पाहिला की कुंपणापलीकडे पळायचा. खरं आमिष लावणं हे विनेशच्या लेखी पाप होतं. आमिष लावून काय, कुणीही पकडेल, असं तो सांगे. तो पकडत नव्हता ही गोष्ट वेगळी.

शेवटी रविवारी सकाळी, एकापेक्षा दोन गळ बरे, असं म्हणून त्याने दिशालाच खाडीवर नेलं. भरती चढत होती. पाठीमागे कोळीवाड्यातल्या आवडाबाईंचे बोंबील बांबूंवर वाळत होते, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने. विनेशने धडा सुरू केला. हात घड्याळाच्या काट्यासारखा हलवायचा, एकवरून दहावर. मनगट मोडायचं नाही. दोरी हवेत तरंगली पाहिजे.

दिशाला ते घड्याळ काही उमगेना. पण हातातलं मागून पुढे आणायचं, एवढं तिच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं होतं. माहेरच्या खळ्यावर तिने भात झोडलं होतं. तिने ओढणी कमरेला बांधली, काठी पार पाठीमागे नेली आणि फळीवर पेंढी आपटावी तशी सगळ्या ताकदीने पुढे हाणली.

"अगं, मासा धरायचाय, भात झोडायचं नाही," विनेश म्हणेपर्यंत त्याच्या डोक्यावरून बोंबलांची एक जोडी उडत खाडीत जाऊन पडली. मागे गेलेला गळ त्यांच्यात अडकला होता.

विनेशने कपाळावर हात मारला. हे तर आमिष झालं, नियमात बसत नाही, लगेच ओढून घे, असं त्याने बजावलं. दिशा ओढायला गेली तर पाण्यानेच तिला ओढलं!

काठीची कमान झाली. रीळ फिरव, हळू फिरव, विनेश नाचत सांगत होता. दिशाने काठी काखेत मारली, दोरी धरली आणि विहिरीतून कळशी शेंदावी तशी ती हातावर हात टाकत बांधावर मागे मागे जाऊ लागली. काठाशी भलामोठा जिताडा उसळला. तो पाहिल्याबरोबर विनेश सगळे नियम विसरला, गुडघाभर चिखलात उतरला आणि माशाला कडकडून मिठी मारून बसला.

"सोडू नका!" दिशा ओरडली. लग्नानंतर त्याने तिचं इतकं मनापासून पहिल्यांदाच ऐकलं. मासा वर आला तेव्हा दोघं चिखलात बसून पोट धरून हसत होते. बाबांच्या ताटाची काळजी मिटली होती आणि ती तिने स्वतः मिटवली होती.

तेवढ्यात आवडाबाई कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या. "मासा तुझा हाय, बाय. पन बोंबील माझं व्हतं. मुंडकं माझं."

मागणं रास्त होतं. वडील जेवायला यायचेत, असं दिशा चाचरत म्हणाली खरी, पण मुंडकं तिने देऊन टाकलं.

दुपारी विनेशने मोठ्या मनाने सांगितलं, मासा तुमच्या लेकीने धरला, आणि तोही नुसत्या पिसांच्या माशीवर. बोंबलाचं नाव त्याने काढलं नाही. रावजींनी लेकीकडे अभिमानाने पाहिलं. मग पातेल्यात डोकावून म्हणाले, "मुंडकं कुठाय?" मानाच्या पाहुण्याला मुंडकं वाढायची रीत. विनेशला ठसका लागला.

दारात आवडाबाई टोप घेऊन उभ्या होत्या. "पावना आलाय म्हनून मुंडक्याचं कालवण आनलंय. माझ्या बोंबलावर आलेला मासा हाय, गोड लागंल."

रावजींनी जावयाकडे पाहिलं. "आनि ती माशी?"

"होती ना," विनेश पुटपुटला. "बोंबलाच्या आत."

दिशाने बाबांच्या ताटातल्या भाताकडे पाहिलं. पण रावजी भात कालवत बसले नाहीत. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "शब्द तुमी दिला, पाळला माझ्या पोरीनं. घर येकच हाय, चालंल," म्हणाले आणि मुंडक्याचा अर्धा भाग लेकीच्या ताटात वाढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परसात धपाधप आवाज येत होता म्हणून दिशा बाहेर आली. विनेश दोन्ही हातांनी खराटा धरून धुण्याच्या दगडावर झोडणी शिकत होता.

"मनगट मोडायचं नाही," ती म्हणाली.