गणपतरावांची टर्की आणि खुराड्याची कडी

"अंडं आधी का कोंबडी आधी, ह्यो वाद आजपास्नं मिटला बघा! आता मशीन आधी! कोंबडी पायजेच कशाला?"

एका रविवारी सकाळी शिवाजी पेठेतल्या कट्ट्यावर गणपतरावांनी हे जाहीर केलं. समोर पाच माणसं होती आणि पाचांच्या हातात चहाचे कप होते, त्यामुळे उठून जाणं कुणालाच जमलं नाही. गणपतराव सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन सहा महिने झाले होते. या सहा महिन्यांत त्यांनी गच्चीवर मशरूम लावून पाहिलं होतं, मधमाश्या पाळून पाहिल्या होत्या, आणि चेहऱ्याची सूज उतरल्यावर आता ते टर्कीकडे वळले होते.

"साधी कोंबडी कुणीबी उबवंल. आपण टर्की काढणार. मोराएवढं पाखरू! एकवीस दिवसांनी या बघायला."

मंडळाचे अध्यक्ष उदयसिंह त्या पाचांत होते, हे गणपतरावांचं दुर्दैव. उदयसिंहांना कोणत्याही बातमीचा फ्लेक्स करायची सवय होती. गल्लीतलं पोरगं दहावीला पहिल्या फटक्यात पास झालं तरी चौकात दहा फुटी बोर्ड लागायचा.

"काका, कार्यक्रम दणक्यात करूया," उदयसिंह म्हणाले. "फ्लेक्सचं माझ्याकडं लागलं!"

टर्कीची आठ अंडी शाहूपुरीतल्या सिकंदरकडून आली होती. सिकंदरचं पक्ष्यांच्या खाद्याचं दुकान, आणि बापापासून हाच धंदा. अंडी भुश्यात नीट बांधून देताना तो म्हणाला होता, "मामा, एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही टर्की हाय, हिला—"

"अरं, मला शिकवतोस व्हय?" गणपतरावांनी त्याला तिथंच तोडलं. "माझ्या आईच्या खुराड्यात पन्नास कोंबड्या हुत्या. तू दोरी घट्ट बांध."

सिकंदरनं दोरी घट्ट बांधली.

मशीन गणपतरावांनी स्वतः बनवली. मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा खोका, आत बल्ब, पाण्याची वाटी आणि उष्णता दाखवणारा काटा. सगळं झकास जमलं, फक्त झाकण बसेना. एका बाजूनं दाबलं की दुसरीकडून उचलायचं आणि आतली ऊब निघून जायची. कडी हवी होती. बाजार तर रविवारचा बंद. गणपतरावांनी इकडं तिकडं पाहिलं. परसात खुराडं होतं, खुराड्याला दार होतं, आणि दाराला नुकतीच बसवलेली पितळी कडी होती. दोन मिनिटांचं काम! उद्या नवी आणून लावू, असं म्हणून त्यांनी ती काढली आणि खोक्याला बसवली. खुराड्याच्या दाराला सुतळी बांधली.

उद्या ते विसरले.

परवा सकाळी परसातून शालूबाईंची किंकाळी आली. सुतळी तुटलेली, दार उघडं, अंगणभर पिसं, आणि तुळशीमागं तुंगाक्का एका पायावर लटपटत उभी!

तुंगाक्का म्हणजे शालूबाईंची कोंबडी. घरात एवढी एकच. माहेरहून, कागलकडून, त्यांनी तिला पदराखाली झाकून आणली होती. गणपतरावांना एखाद्या रविवारी चहा मिळायचा राहिला असेल, पण तुंगाक्काचे दाणे कधी चुकले नव्हते.

"आण्णांचा बोका!" शालूबाई कडाडल्या. "दुसरं कोन येतंय हितं? आणि ही बघा, कडीबी गायब! बोक्यासाठी कडी काढून ठेवली कुणीतरी. मुद्दाम केलंय हे!"

खरं सांगायची हीच वेळ होती. गणपतरावांनी तोंडही उघडलं. पण शालूबाईंचे डोळे भरून आले होते आणि त्यांच्या हातात खराटा होता.

"काय सांगावं बाबा," ते म्हणाले. "हल्ली माणसांचा भरवसा न्हाय ऱ्हायला."

आण्णा म्हणजे भिंतीपलीकडचे शेजारी. पंचवीस वर्षांचा शेजार, दिवाळीचं ताट इकडून तिकडं जाणारा. शालूबाईंनी भिंतीवरून त्यांना जे ऐकवलं त्यानं गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. आण्णा बिचारे "माझा वजीर दूधभात खातोय हो!" एवढंच म्हणत राहिले. शेवटी रागारागानं त्यांनी वजीर बोक्याला पिशवीत घातलं आणि गारगोटीला लेकीकडं पोचवून आले. त्या दिवसापासून भिंतीवरून ताट जायचं बंद झालं. हे सगळं एका कडीपायी, आणि ती कडी गणपतरावांच्या खोक्यावर चकाकत होती! त्यांनी तिच्यावर जुना टॉवेल टाकला.

तुंगाक्काला स्कूटरवरून जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या दोन काड्या लावून पाय बांधला.

"तीन आठवडे हलू देऊ नका. उबेला ठेवा, आणि सकाळ-संध्याकाळ ड्रॉपरनं औषध पाजा. कोण पाजणार?"

शालूबाईंना हुंदका आवरेना. "ह्ये पाजतील," असं त्यांनी हातानंच दाखवलं.

घरात उबेची जागा एकच होती. तेव्हा कोंबडीची गरज संपवणाऱ्या मशीनच्या शेजारी कोंबडीची वेताची पाटी येऊन बसली. गणपतराव सकाळी उठून आधी काटा बघायचे आणि मग तुंगाक्काची चोच उघडून औषध सोडायचे. ते हळद लावायचे, ज्वारी भिजवून भरवायचे. पहिल्या आठवड्यात हे सगळं नुसत्या भीतीपोटी चाललं होतं. पण दुसऱ्या आठवड्यात तुंगाक्का त्यांच्या पावलांचा आवाज ओळखून मान वर करू लागली, आणि गणपतरावांना कसंतरीच व्हायला लागलं. आपल्यामुळं या मुक्या जिवाची ही गत झाली, हे त्यांना मनापासून लागलं. एकदा तर आजूबाजूला कुणी नाही असं बघून ते पाटीजवळ वाकले.

"चुकलं माझं, आक्का. पर कुणाला बोलू नगंस."

तुंगाक्कानं एक डोळा मिटला.

तिचा पाय भरत आला, तशी ती उठायलाच तयार होईना. पाटीत पिसं फुलवून बसायची आणि हात घातला की गुरगुरायची. "लाडावलीय," असं निदान पन्नास कोंबड्यांच्या खुराड्यात वाढलेल्या गणपतरावांनी केलं.

एकविसावा दिवस उजाडला. रविवार, सकाळचे दहा. चौकात फ्लेक्स झळकत होता: 'शिवाजी पेठेत प्रथमच! टर्की पिल्लांचे आगमन! शिल्पकार: मा. गणपतराव.' काळा गॉगल, कानाला फोन लावलेला फोटो. दारात हलगी कडाडत होती आणि घरात पाय ठेवायला जागा नव्हती. भांडण विसरून आण्णासुद्धा दाराच्या चौकटीपर्यंत आले होते. फुकटची गंमत कोण सोडतो!

"आता बघा!" गणपतरावांनी टॉवेल उडवला, कडी काढली, झाकण उचललं.

आठ अंडी. होती तशी. हलगीवाल्यानं उत्साहाच्या भरात जोरात टिपरू हाणलं, तरी एकही अंडं हललं नाही.

"लाजत असतील," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात पिल्लांच्या खाद्याची पिशवी घेऊन सिकंदर घाईघाईनं आत आला. "मामा, बोर्ड बघून पळत आलो! आज कसं काय? टर्कीला अठ्ठावीस दिवस लागत्यात की! तवा त्येच सांगत हुतो, तर तुमी म्हणालासा, दोरी बांध!"

घर हसण्यानं दणाणून गेलं. गणपतराव घाम पुसत म्हणाले, "मग आठ दिवसांनी या. त्यात काय एवढं?" आणि झाकण लावायला वळले.

पण शालूबाई अंड्यांकडं बघतच नव्हत्या.

"ही कडी कुठली हो?"

हलगी थांबली.

"कुठली कडी?"

"ही. पितळंची. मी महाद्वार रोडवरनं आणल्याली. आमच्या खुराड्याची!"

आण्णा चौकटीतून थेट खोक्यापाशी आले. त्यांनी कडी निरखली, मग गणपतरावांना निरखलं.

"गणपतराव," आण्णा म्हणाले, "माझं लेकरू तिकडं गारगोटीत पडलंय हो!"

गणपतरावांनी खाली मान घातली. एवढ्या गर्दीत त्यांच्याकडं मायेनं बघणारं कुणीच नव्हतं. तुंगाक्कासुद्धा भिंतीकडं तोंड करून बसली होती.

शालूबाई तडक आत गेल्या. त्यांनी पेचकस आणला, सगळ्यांदेखत कडी काढली आणि परसात जाऊन खुराड्याला बसवली. इकडं खोक्याचं झाकण वर आलं. गणपतरावांनी त्यावर वीट ठेवली, तर थर्माकोल मोडून वीट आत! नशीब, अंडी वाचली. काटा मात्र भराभर खाली उतरायला लागला.

"संपलं," गणपतराव मटकन खाली बसले. "गेली माझी टर्की."

सिकंदर पाटीजवळ वाकला. त्यानं तुंगाक्काच्या पोटाखाली हात घातला, ती गुरगुरली, आणि तो खूश होऊन ओरडला, "मामी, ही तर खुडूक हाय! अंड्यावर बसाय टपलीय. मामास्नी म्हाईत न्हाई व्हय? घाला हिच्याखाली!"

शालूबाईंनी एकेक अंडं अलगद पाटीत सरकवलं. एवढी मोठी अंडी तुंगाक्कानं जन्मात पाहिली नव्हती. तिनं जरा विचार केला, पंख पसरले आणि आठही पोटाखाली ओढून घेतली.

मग शालूबाई नवऱ्याकडं वळल्या. "तुमी जायाचं गारगोटीला. वजीरला घिऊन यायचं. आण्णांच्या हातात द्यायचं आणि माफी मागायची. तवर मला हाक मारू नगासा."

आण्णांच्या लेकीला पुढच्या रविवारशिवाय सवड नव्हती. त्यामुळे आठवडाभर गणपतरावांनी घरात मुक्यानं भाकरी खाल्ली, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, ज्या दिवसाची त्यांनी डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली त्याच दिवशी, ते सकाळी एसटीत बसून निघून गेले. परतताना मांडीवर पिशवी आणि पिशवीत वजीर. बोक्यानं पिशवी फाडून आधी गणपतरावांची मिशी धरली, मग कंडक्टरची टोपी. बोक्याचं अर्धं तिकीट लागतं का यावर बसमध्ये कूर गाव येईपर्यंत चर्चा झाली.

दुपारी ते गल्लीत शिरले तेव्हा घरापुढं पुन्हा गर्दी होती. तुंगाक्का पाटीतून उतरून दिमाखात, किंचित लंगडत चालत होती आणि तिच्यामागं सहा लांबमाने, चिवचिवणारे गोळे! लोक फोटो काढत होते. उदयसिंह तुंगाक्काशेजारी उकिडवे बसून दोन बोटं दाखवत होते.

गणपतरावांनी आधी आण्णांच्या हातात वजीर दिला. "चुकलं माझं," ते म्हणाले, आणि या वेळी कुणाला सांगू नका असं म्हणाले नाहीत. आण्णांनी बोक्याला छातीशी धरलं, गणपतरावांच्या ओरबाडलेल्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांचा राग तिथंच गेला. संध्याकाळी भिंतीवरून ताट आलं. शालूबाई ते घेताना डोळे पुसत हसल्या, आणि हळदीची वाटी घेऊन नवऱ्यापुढं बसल्या.

"हलू नगासा," त्या म्हणाल्या. आठवड्यातलं हे पहिलं वाक्य. गणपतरावांना त्यातच स्वर्ग मिळाला.

तो फ्लेक्स आता खुराड्याचं छप्पर झाला आहे. उन्हानं रंग उडू नये म्हणून शालूबाईंनी तो उलटा टाकला, त्यामुळे गॉगल घातलेले गणपतराव दिवसभर आतल्या पिल्लांकडं बघत असतात.

पिल्लं बघायला परगावाहून माणसं येतात. परवाच एक पाहुणे आले आणि म्हणाले, "किती दिवस लागले हो?"

गणपतराव खुर्चीत मागं रेलले. "अठ्ठावीस, पावणं! टर्कीला अठ्ठावीस दिवस लागत्यात. लोकांस्नी एवढंसुदिक म्हाईत नसतंय की! आमच्या आईच्या खुराड्यात—"

"आणि कडीचं सांगितलासा काय?" आतून शालूबाईंचा आवाज आला.

गणपतराव घाईघाईनं उठले. "पावणं, च्या घेणार नव्हं?"