शेऱ्याचा रकाना

हमीदचाचांना लग्नपत्रिका दिली, की ते ती वाचत नाहीत, ऐकतात. पत्रिका कानाशी नेतात, कोपऱ्यावर नखानं टिचकी मारतात आणि डोळे मिटून आवाज घेतात. मग अंगठा आणि तर्जनीत धरून ती इकडून तिकडून चाचपतात आणि निकाल देतात, "कागद बरा हाय. लग्न टिकंल." एवढं झालं की पत्रिका फडताळात जाते. लग्न कुणाचं, कुठं, कधी, हे त्यांनी वाचलेलंच नसतं. येडगावच्या एका लग्नाला ते असेच दुसऱ्या दिवशी नवी शेरवानी घालून पोचले. मांडव सोडायचं काम चाललं होतं. चाचांनी शेरवानी काढून झाडाला टांगली, दोर गुंडाळू लागले, उरलेली जिलेबी खाल्ली आणि लग्न चांगलं झालं म्हणून सांगत घरी आले.

हल्ली पत्रिका मोबाइलवर येतात. तशी पहिली आली तेव्हा चाचांनी सवयीनं फोन कानाला लावला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. "मुकं हाय हे," असं म्हणून त्यांनी तो चाचींकडं दिला.

आम्ही जुन्नरला शेजारी शेजारी राहतो. मी इथल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत कामाला आहे आणि चाचांचं पत्रिका छापायचं दुकान होतं. आडनाव कागदी, आणि ते नावापुरतं नाही. त्यांच्या घराण्यात हातानं कागद बनवत. चिंध्या, जुनी पोती कुजवायची, कुटायची, लगदा हौदात कालवायचा, गवताच्या काड्यांच्या साच्यावर एकेक ताव उचलायचा, सुकवायचा आणि गुळगुळीत दगडानं चकाकेपर्यंत घोटायचा. चाचांच्या आजोबांनी हे केलं. वडिलांनी काही वर्षं केलं आणि मग गिऱ्हाईक उरलं नाही म्हणून पत्रिकांचं दुकान काढलं. चाचांनी कागदाचा एक तावही कधी उचललेला नाही. परसातल्या त्या हौदात आता माती आहे आणि चाचींचा पुदिना आहे. पण बोटांतलं गेलं नाही ते नाहीच.

हे सगळं नीट चाललं होतं. बिघडलं ते माझ्यामुळं.

माझ्या जावेचं माहेरचं मूळ गाव डिंभ्याच्या धरणात गेलं. तिला गावाचा जुना नकाशा बघायचा होता. पुण्यातल्या एका दप्तरखान्यानं आपल्या जुन्या कागदांची यादी इंटरनेटवर टाकली आहे, काही पानांचे फोटोही आहेत. मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन ती उघडून बसले होते. चाचा आमचं भांडं परत द्यायला आले आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. पडद्यावर रकाने होते. शीर्षक, ठिकाण, सन, भाषा, वर्णन आणि सगळ्यात खाली शेरा. हवं ते एखाद्या रकान्यात लिहायचं आणि 'शोधा' दाबायचं.

"ह्यात कागदाचा रकाना कुठला?" चाचांनी विचारलं.

मी म्हटलं, हे सगळे कागदच आहेत.

"तसं न्हाई ताई. लिव्हलंय काय ते राहू द्या. लिव्हलंय कशावर?"

असा रकाना नव्हता. मग त्यांच्या समाधानासाठी मी नुसतंच 'कागद' लिहून शोधा दाबलं. अख्खा दप्तरखाना दारात येऊन उभा राहिला. कागदपत्रं, कागदोपत्री, कागदाचा खर्च, पानामागून पान. मला हसू आलं. चाचांचे डोळे मात्र भरून आले. सगळं आपलंच आहे म्हणाले.

मी त्यांना समजावलं की एवढं सापडलं म्हणजे काहीच सापडलं नाही. दोन शब्द जोडीनं हवे असतील तर अवतरणचिन्हात घालायचे. सन माहीत नसेल तर तो रकाना मोकळा सोडायचा. आणि शब्द योग्य रकान्यात टाकायचा. मग 'जुन्नरी कागद' असं अवतरणात घालून एकेका रकान्यात टाकून पाहिलं. शीर्षकात काही नाही. वर्णनात काही नाही. शेऱ्याच्या रकान्यात टाकलं आणि एक नोंद आली. कुठल्याशा देशमुखाच्या वतनाचा तंटा. त्याखाली शेरा होता: 'जुन्नरी कागद. घोटीव. बोटाला गार लागतो.'

चाचांनी तो शेरा मला पुन्हा वाचायला लावला. मग भांडं माझ्या हातात न देताच घरी घेऊन गेले.

त्या दिवसापासून चाचांना रकान्यांचं वेड लागलं. नातवाचा जुना लॅपटॉप मागवून घेतला. एका बोटानं टाइप करायचे आणि दर अक्षरानंतर वर बघायचे. जुन्नर हा शब्द साहेबलोक किती तऱ्हांनी लिहीत हे त्यांनी शोधून काढलं. कुणी इंग्रजीत दोनदा ई लावायचा, कुणी दोनदा ओ, एकानं तर असं लिहिलं होतं की ते चाचांनी मोठ्यानं वाचल्यावर चाचींनी त्यांना पाणी आणून दिलं.

मग ते वेड पडद्याबाहेर आलं. कुणी काही विचारलं की चाचा म्हणायचे, "रकाना बोला." चाचींनी चष्मा कुठं ठेवलाय विचारलं, की ठिकाणाचा रकाना की वेळेचा? डॉक्टरांनी काय होतंय विचारलं, तर चाचांनी नाव, गाव, सन सांगितलं आणि गुडघेदुखी शेऱ्यात घ्यायला सांगितली. एस.टी. स्टँडवर तळेघरची गाडी शोधणाऱ्या एका पाहुण्याला त्यांनी अडवलं. "तळेघर टाकू नका पावणं, भीमाशंकर टाका. तळेघर त्यातच येतं." हे खरंच होतं. पाहुणे समाधानानं गेले आणि चाचांचा हुरूप वाढला.

तो बकरीपाशी जिरला. गल्लीतल्या एकाची बकरी हरवली आणि चाचांनी शोध हाती घेतला. आधी सांगितलं, पांढरी, डाव्या कानाला काळा ठिपका, दुपारपासून बेपत्ता. तासभर काही नाही. तेव्हा चाचा म्हणाले, शोध फार अरुंद होतोय, ठिपका काढा. मग म्हणाले, रंग काढा. शोध इतका रुंद झाला की तिन्हीसांजेला पोरांनी तीन बकऱ्या आणून दारात बांधल्या, एकही हरवलेली नव्हती आणि तिन्हींचे मालक तावातावानं आले. खरी बकरी तोवर परसातल्या हौदात उभी राहून पुदिना खात होती. त्यानंतर आठवडाभर चाची चाचांशी बोलल्या नाहीत. चहा तेवढा द्यायच्या, तोही आदळून.

पण लॅपटॉप बंद झाला नाही. कारण चाचांना तिथं एक माणूस भेटला होता.

प्रत्येक नोंदीच्या तळाशी नोंद करणाऱ्याची आद्याक्षरं असायची. कागदाबद्दलचे सगळे शेरे एकाच माणसाचे होते, सु. ग. बाकीचे लोक 'कडा फाटलेल्या' एवढं लिहून मोकळे व्हायचे. सु. ग. लिहायचा, 'वाकवलं की कुरकुरतो.' 'पावसाळी दिवस असूनही कागद ताठ.' एका ठिकाणी तर 'मजकूर सामान्य, कागद राजबिंडा.' चाचा हे चाचींना वाचून दाखवायचे. सु. ग. म्हणजे सुधाकर, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. सुधाकरला बायको असणार पण ती ऐकत नसणार, असंही त्यांचं मत होतं. चाची म्हणायच्या, तुमचा तो सुधाकर काय म्हणतोय आज?

नोंदीखाली 'सूचना कळवा' अशी एक चौकट होती. लोक तिथं चुका कळवतात. चाचांनी एकही चूक कळवली नाही. सु. ग.चा शेरा वाचायचा, डोळे मिटायचे, अंगठा तर्जनीवर घासायचा आणि चौकटीत लिहायचं, 'बरोबर आहे. ह. कागदी, जुन्नर.' लगेच उत्तर यायचं, आपली सूचना मिळाली, आभारी आहोत. "बघा, किती तत्पर माणूस हाय," चाचा मला दाखवायचे. ते उत्तर यंत्र आपोआप पाठवतं हे मी त्यांना सांगितलं नाही.

आणि एके दिवशी शेरे थांबले. नव्या नोंदी येत होत्या, पण आद्याक्षरं वेगळी आणि शेऱ्याचा रकाना मोकळा. चाचांनी सन बदलून पाहिलं, ठिकाण बदलून पाहिलं, सगळे रकाने रिकामे करून पाहिलं. रोज सकाळी माझ्याकडं यायचे, चहा पिऊन जायचे. रकाना बोला म्हणायचं बंद झालं. चाचींनीच मला बोलावून सांगितलं, "बेटा, ह्यांना पुण्याला घेऊन जा. दोन घास धड खात न्हाईत."

कॉलेजच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं नारायणगावहून एस.टी.नं पुण्याला गेलो. चाचांच्या पिशवीत सुधाकरसाठी शर्टपीस होता. दप्तरखान्याच्या कार्यालयातल्या टेबलामागच्या गृहस्थांना मी सु. ग. कोण ते विचारलं. ते म्हणाले, सुमतीबाई. त्यांची नजर गेली बरीच वर्षं कमी होत चालली होती, शेवटी अक्षर दिसेना, तेव्हा त्यांनी काम सोडलं.

चाचा खुर्चीत बसले. मग त्यांनी पिशवीकडं पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "ताई, शर्टपीस हाय हो."

त्या गृहस्थांनी बाईंना फोन लावून विचारलं. त्यांनी लगेच या म्हणून सांगितलं. जवळच, भाचीकडं राहत होत्या. सत्तरीच्या आसपासच्या, सुती पातळातल्या, ताठ बसलेल्या बाई. चाचांनी दारातूनच नाव सांगितलं.

"बरोबर आहेवाले कागदी?" त्या म्हणाल्या. "ऑफिसातली मुलं मला वाचून दाखवायची. आधी मला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय."

"न्हाई बाई. बरोबरच व्हतं ते."

"कशावरून? तुम्ही तर ते कागद हातात घेतले नव्हते."

  चाचांनी शर्टपीस पुढं केला आणि खरं काय ते सांगून टाकलं, सुधाकरसकट. बाई खूप हसल्या. कापड चाचपून म्हणाल्या, सूत चांगलं आहे, ह्याची पिशवी शिवून घेईन. नंतरचे दोन तास मी आणि भाची स्वयंपाकघरात बसून होतो. बाहेर लगदा किती दिवस कुजवायचा यावर वाद चालला होता आणि दोघांपैकी कुणीही कागद केलेला नव्हता.

परतीच्या गाडीत चाचा खिडकीशी बसले होते. राजगुरुनगर गेल्यावर म्हणाले, "अब्बा गेल्यापास्नं कागदावर कुणाशी बोललोच न्हवतो, ताई. दुकानात आख्खा जन्म गेला, पण लोक रंग विचारायचे, किंमत विचारायचे." मग म्हणाले, "घरात समद्यांना वाटतं, म्हाताऱ्याला खूळ लागलंय. मी पण तसंच म्हणत ऱ्हायलो. बरं पडतं ते." आणि मंचर येईपर्यंत झोपल्याचं सोंग केलं.

आता दर रविवारी सकाळी पुण्याहून फोन येतो. चाचा लॅपटॉप उघडून बसतात, चाची फोन मोठ्या आवाजावर करून उशीला टेकवून ठेवतात. बाई आठवतील ते रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सांगतात, चाचा रकान्यात टाकून नोंद काढतात, पानाचा फोटो असला तर मोठा करतात आणि काय दिसतंय ते सांगतात. बाईंना ते दिसत नाही आणि चाचांना ते हातात घेता येत नाही. एरवी गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं बोलणारा हा माणूस त्या वेळी इतका हलके बोलतो, की पहिल्यांदा मला वाटलं तब्येत बरी नाही.

परवा मी भांडं मागायला गेले तेव्हा हेच चाललं होतं. चाचा पडद्याला नाक लावून सांगत होते, पान पिवळं पडलंय, मजकूर मोडीत आहे, तो काही मला लागत नाही. साच्याच्या रेघा मात्र दिसतात. "ह्या काड्यांच्या रेघा, एकाला एक लागून. वरून खाली मोजत आलो, बाई. मधीच एक रेघ तुटलीय. साच्यातली काडी मोडलेली व्हती वाटतं."

 चाचींनी हातातला चहा तसाच धरून ठेवला.

"हो," बाई म्हणाल्या. "तिथं माझं बोट अडायचं."